घरातून काढलेलीचं घरगुती जेवण

लिऑनमधल्या जुन्या खानावळीत गेलात तर भिंतीवरून एखादी धिप्पाड बाई फोटोतून तुमच्याकडे बघत असते. पांढराशुभ्र एप्रन, घट्ट बांधलेले केस, कमरेवर हात, आणि चेहरा असा की उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाने उंबऱ्यावरूनच परत जावं. फोटोखाली नाव असतं, मेर अमुक, मेर तमुक. मेर म्हणजे आई. मेन्यूत एखादा पदार्थ हमखास ‘आजीच्या पद्धतीचा’, गल्ल्यावरची मुलगी मालकाची भाची, टेबलावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड. फ्रान्समध्ये गावाकडच्या जेवणाची जाहिरात अशीच होते. आजी, शेत, चूल आणि कुटुंब.

जेवण चांगलंच असतं, त्याबद्दल तक्रार नाही. लिऑनला लागून असलेल्या व्हिलरबानमध्ये राहायला आल्यापासून मी ते आवडीने आणि वजनकाट्याकडे न बघता खात आले आहे. खटकतं ते हे कुटुंब. भिंतीवरच्या या आयांमध्ये जी सगळ्यात मोठी झाली, तिला तिच्या घरच्यांनीच बाहेर काढलं होतं.

यूजेनी ब्राझिए १८९५ साली जन्मली. बूर्ग-आं-ब्रेस या गावाजवळ, शेतकऱ्याच्या घरी. ब्रेस हा लिऑनच्या उत्तरेला पसरलेला सखल मुलूख. ओल धरणारी जमीन, मका, दुभती जनावरं आणि जिथे तिथे कोंबड्या. पाच वर्षांची असल्यापासून ती डुकरं राखत होती. शाळा हिवाळ्यात, तीही शेतावर काम नसेल तर. दहा वर्षांची असताना आई गेली आणि पोर दुसऱ्यांच्या शेतांवर कामाला लागली. पुढे ऐन तारुण्यात लग्नाशिवाय दिवस गेले. १९१४ साली मुलगा झाला, गास्तों. बापाने घराचं दार लावून घेतलं. मग मूल दुसऱ्यांकडे सांभाळायला ठेवून ती लिऑनला एका श्रीमंत कुटुंबात कामाला राहिली. ते लोक शेवया-मॅकरोनीचे कारखानदार होते. आधी वरची कामं, मग हळूहळू स्वयंपाकघर.

पुढे ती मेर फियूच्या हाताखाली गेली. फ्रांस्वाज फियूची खानावळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चालत होती आणि तिच्याकडे निवड करायला फारसं काही नसायचं. माशाच्या लगद्याचे मऊसूत लांबट गोळे, म्हणजे केनेल, लाल कोळंबीसारख्या गोड्या पाण्यातल्या जिवाच्या लोण्यात भाजलेले. आर्टिचोक या भाजीच्या गाभ्यावर बदकाचं किंवा हंसाचं यकृत. आणि मुख्य म्हणजे कोंबडी, कातडीखाली काळ्या ट्रफलच्या, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी अळंबीच्या, चकत्या सरकवून रश्शात शिजवलेली. काळं-पांढरं अंग दिसतं म्हणून तिला ‘अर्ध्या सुतकातली कोंबडी’ म्हणतात. ही कोंबडी फियूबाई स्वतः टेबलाशी उभं राहून कापून वाढायची. वर्षानुवर्षं हेच. लोक येत राहिले ते हेच मिळतं म्हणून.

१९२१ साली ब्राझिएने रू रोयालवर एक किराण्याचं दुकान घेऊन त्यात स्वतःची खानावळ मांडली. तेव्हा ती पंचविशीत होती, अंगावर लहान मुलगा, पाठीशी कुणी नाही. तिच्या मेन्यूतले अर्धेअधिक पदार्थ फियूकडचेच होते.

लिऑनच्या या ‘आया’ बहुतेक अशाच. रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायका. पहिल्या महायुद्धानंतर त्या घरांना एवढे नोकर परवडेनासे झाले आणि या स्वतःच्या चुली मांडून बसल्या. त्यांना दहा-बारा पदार्थ यायचे, पण असे की झोपेतही चुकणार नाहीत. श्रीमंताघरचं बारीक काम आणि गावाकडचं लोणी-साय-कोंबडी, या दोन्हींच्या मधोमध त्यांचा स्वयंपाक उभा होता. त्याला आज आपण ‘फ्रेंच गावरान जेवण’ म्हणतो. पण गावात रोज ते कोण खात होतं? ब्रेसच्या लोकांना शेजारचे ‘पिवळ्या पोटाचे’ म्हणून चिडवत, कारण त्यांच्या ताटात भाजलेल्या मक्याच्या पिठाची लापशी असायची, गोद नावाची. कोंबडी बाजारात विकायला. गोद तुम्हाला आज कुठल्या रेस्टॉरंटच्या मेन्यूत सहसा सापडणार नाही. गरिबी जशीच्या तशी विकली जात नाही, तिच्यावर आधी साय ओतावी लागते.

मला या बायकांमध्ये इतका रस का, ते आता सांगायला हवं. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. आजोबा गेल्यावर देवरुखच्या घरात दिरांनी तिला ‘राहा’ म्हटलं नाही आणि ‘जा’ही म्हटलं नाही. ज्यांनी असं घर पाहिलं आहे त्यांना त्याचा अर्थ कळेल. दोन मुली घेऊन ती मुंबईला आली. चाळीतल्या एका खोलीत संसारही तोच आणि खानावळही तीच. जेवायला येणारे गिरणी कामगार, कोकणातले आणि घाटावरचे, बायकामुलं गावी ठेवून आलेले. महिन्याचे पैसे पगार झाला की. पाळीप्रमाणे जेवणाच्या पंगती. सकाळपाळीचा माणूस दुपारी उतरला की त्याला जेवायला वाढायचं, तेवढ्यात रातपाळीवाला उठून बसलेला. भाकऱ्या, एक कालवण, एक सुकं, भात. आठवड्यातून एकदा मटण.

घरात आता आजीचा विषय निघाला की सगळे ‘आजीच्या हातची चव’ म्हणून डोळे मिटतात. आजीला स्वयंपाकाची आवड होती की नव्हती, हे मात्र तिला कुणी कधी विचारलेलं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही. तिला हिशोबाची आवड होती, हे नक्की. वही घेऊन बसली की तिचा चेहरा उजळायचा.

लिऑनला पहिल्यांदा क्रुआ-रूसची टेकडी चढले तेव्हा मला गिरणगाव आठवलं, आणि हे नुसतं हळवेपण नव्हतं. ही विणकरांची टेकडी. इथल्या घरांची छतं चार मीटर उंच आहेत, कारण जॅकार्डचा माग त्याखेरीज आत मावत नसे. माग, विणकर, त्याची बायको, मुलं, सगळे त्याच खोलीत. या रेशीम विणकरांना कान्यू म्हणत. १८३१ मध्ये आणि पुन्हा १८३४ मध्ये त्यांनी मजुरीच्या दरावरून उठाव केले, दोन्ही वेळा लष्कर आणून ते मोडले. पहाटेपासून मागावर बसलेला कान्यू सकाळी नऊच्या सुमारास उठून खाली जायचा आणि आतड्याचे सॉसेज, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, मसूर, पाव असं काहीतरी वाइनसोबत खाऊन परत यायचा. या सकाळच्या जेवणाला माशों म्हणतात आणि लिऑनमध्ये ते अजून होतं. आता ते खाणाऱ्यांमध्ये बँकेतले निवृत्त लोक जास्त. ताज्या चीझमध्ये लसूण, कांद्याची बारीक जात, मिरपूड, हिरवी पात घालून केलेल्या एका पदार्थाचं नाव तर ‘विणकराचा मेंदू’ आहे. नाव ठेवणारा शेठजीच असणार. आमच्या घरातल्या शाकाहारी माणसाचं लिऑनमध्ये पोट भरतं ते बहुतांशी या मेंदूवर आणि बटाट्यावर, तेव्हा मी त्याबद्दल वाईट बोलणार नाही.

तर कापडाचं शहर, घराबाहेर खाणारे कामगार, आणि त्यांना रांधून घालणाऱ्या, बहुधा एकट्या पडलेल्या बायका. दोन्हीकडे हेच. मग लिऑनच्या बायका भिंतीवर गेल्या आणि गिरणगावातल्या गेल्या नाहीत, असं का? प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून या खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तोवर त्या कुणाच्या हिशोबातच नव्हत्या. सावकार तेवढा त्यांना ओळखत होता. १९८२ च्या संपात गिऱ्हाइकाकडून पैसे येणं थांबलं आणि पानं वाढणं थांबलं नाही, अशा खानावळी कितीतरी. आजीची त्यातच बसली.

फरक चवीत नव्हता. फरक मोटारीने पाडला, असं माझं मत आहे. पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्राकडे जाणारा रस्ता लिऑनवरून जातो. १९२० नंतर पैसेवाले लोक गाड्या घेऊन त्या रस्त्याला लागले आणि टायर विकणाऱ्या मिशेलिन कंपनीला त्यांनी जास्तीत जास्त फिरावं असं वाटत होतं. कंपनीची लाल पुस्तिका १९०० पासून निघत होती, १९२६ पासून तिच्यात चांगल्या जेवणाला तारा देऊ लागले, पुढे एकाचे तीन झाले. कुर्नोन्स्कीसारखे खाण्यावर लिहिणारे पॅरिसचे लेखक प्रांताप्रांतांतून हिंडत होते आणि गावाकडचं जेवण हाच खरा फ्रान्स म्हणून सांगत होते. लिऑनला जगाची खाद्यराजधानी हे बिरुद त्यानेच दिलं. शहराचा महापौर एदुआर एरियो स्वतः ब्राझिएकडे जेवायचा. म्हणजे रस्ता, पुस्तिका, लेखक आणि महापौर, चौघांनी मिळून एका खानावळवालीला मोठं केलं. परळच्या खानावळीत जेवायला मोटारीने कोण येणार होतं?

१९३३ मध्ये ब्राझिएला तीन तारे मिळाले. तेही दोनदा. एकदा रू रोयालच्या खानावळीला आणि एकदा शहराबाहेर डोंगरावर, कोल द ला ल्युएर या खिंडीत तिने सुरू केलेल्या दुसऱ्या जागेला. ती जागा म्हणजे सुरुवातीला एक लाकडी घर होतं. दगदग सोसवेना म्हणून ती विश्रांतीला तिथे गेली आणि गिऱ्हाइकं तिच्या मागोमाग डोंगर चढली. एकाच वेळी सहा तारे असलेली ती जगातली पहिली व्यक्ती. बाई नव्हे, व्यक्ती. १९९८ मध्ये आलाँ दुकास या नामवंत शेफला सहा तारे मिळाले तेव्हा तोच पहिला असा गाजावाजा झाला. मग कुणीतरी आठवण करून दिली की हे पासष्ट वर्षांपूर्वी एका बाईने करून ठेवलं आहे. ज्या बाईच्या नावाचा रस्ता तिच्याच शहरात आहे, ती इतक्या सहज विसरली जाते याचं मला आता आश्चर्य वाटेनासं झालं आहे.

ती फार प्रेमळ वगैरे नव्हती. पहाटे उठायची, माल स्वतः तपासायची, फडताळात जरा धूळ दिसली की आवाज चढायचा. कोंबड्या पुरवणारा म्हणे धास्तावलेला असायचा, ही बाई उद्या कोंबड्यांची नखंही रंगवून आणायला सांगेल. लीजन ऑफ ऑनरचा किताब तिने नाकारला, स्वयंपाक चांगला करण्यापेक्षा महत्त्वाच्या कामांना तो द्यावा असं तिचं म्हणणं होतं, असंही सांगतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाखाली असताना रेशनचे नियम मोडल्याबद्दल तिला दंड आणि कोठडीही झाली. युद्ध संपल्यावर तिच्या डोंगरावरच्या स्वयंपाकघरात एक तरुण मुलगा शिकायला आला. त्याने तिथे काय केलं? गायीचं दूध काढलं, भाजीचे वाफे खुरपले, चादरी धुतल्या, इस्त्री केली, आणि मग स्वयंपाक केला. पोल बोक्यूझ. पुढे तो फ्रान्समधला सगळ्यात प्रसिद्ध शेफ झाला, पांढऱ्या उंच टोपीतला, हाताची घडी घालून उभा असलेला. शेवटपर्यंत तो तिचं नाव घेत राहिला, हे त्याचं मोठेपण.

आता वारशाबद्दल. कुटुंबाने चालवलेलं हॉटेल म्हटलं की आपल्याला वाटतं, रेसिपी आईकडून मुलाकडे, मुलाकडून नातीकडे जात असेल, बाकी काही प्रश्न नसेल. ब्राझिएचा मुलगा गास्तों रू रोयालच्या गादीवर बसला आणि आई डोंगरावर राहिली. दोघांचं एका स्वयंपाकघरात जमत नव्हतं, असं म्हणतात, आणि तिचा स्वभाव बघता ते पटायला अवघड नाही. ती १९७७ मध्ये गेली, तिच्या आधी तीन वर्षं मुलगा गेला. मग नात जाकोत. तिने कित्येक वर्षं ते चालवलं, अखेर विकलं. २००८ पासून माथ्यू व्हियानेय नावाचा शेफ तिथे आहे. पाटी अजून मेर ब्राझिएची, चव राखलेली, कुटुंब मात्र नाही.

बोक्यूझच्या घराण्यात तर याहून गंमत. सोन नदीच्या काठी कोलोंजमध्ये त्यांचं पिढ्यान्पिढ्यांचं हॉटेल. १९२१ मध्ये आजोबांनी ते विकलं आणि विकताना नावही विकून टाकलं. ब्राझिएने दुकान उघडलं त्याच वर्षी. त्यानंतर कित्येक वर्षं बोक्यूझ कुटुंबाला स्वतःच्या दारावर स्वतःचं नाव लावता येत नव्हतं. नातवाने तीन तारे मिळवल्यानंतर, १९६६ मध्ये ते परत विकत घेतलं. आपल्याकडे भावकीत जमिनीचा तुकडा सोडवून घेतात, इथे आडनाव सोडवून घेतलं.

आणि ब्लां घराणं. ब्रेसमध्ये व्होना नावाचं गाव आहे, तिथे १८७२ पासून त्यांचं खाण्याचं दुकान. सुरुवातीला गिऱ्हाइकं म्हणजे आठवडी बाजाराला आलेले कोंबड्यांचे व्यापारी. सून एलिझाने साय घालून केलेली कोंबडी आणि बटाट्याची छोटी धिरडी यांवर नाव काढलं. कुर्नोन्स्कीने तिला जगातली सर्वोत्तम स्वयंपाकीण म्हटलं ते १९३३ मध्येच. तिचा नातू जॉर्ज ब्लां याने १९८१ मध्ये तीन तारे मिळवले आणि मग गावातली घरं एकेक करून घेत गेला. आता चौकात हॉटेल त्याचं, साधी खानावळ त्याची, दुकान त्याचं. मी एकदा तिथे फिरले. सुंदर आहे, फुलं आहेत, नदीकाठ आहे, पण अख्खं गाव एकाच सातबाऱ्यावर असल्यासारखं वाटलं आणि मी कॉफीही न पिता परतले.

मला जास्त आवडतात त्या यांच्या मधल्या जागा, तारे नसलेल्या. दोंबमधली एक सांगते. दोंब म्हणजे ब्रेसच्या दक्षिणेला लागून असलेला तळ्यांचा प्रदेश, हजारावर तळी, सगळी माणसाने मध्ययुगापासून बांधत आणलेली. काही वर्षं पाण्याखाली ठेवून मासे धरायचे, मग पाणी सोडून त्याच तळात ओट किंवा मका पेरायचा. त्या रस्त्याला एक ओबेर्ज, म्हणजे गावाकडची खानावळ, आहे. नवरा बाहेर वाढतो, बायको, म्हणजे मादाम, आत रांधते, सासू खिडकीजवळ बसून शेंगा सोलते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवते. मुलगी ग्रनोबलला शिकते, सुट्टीत येऊन ट्रे उचलते आणि आपण हे पुढे चालवणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगते. आईबाप ऐकून घेतात. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही.

दुपारचं जेवण ठरलेलं. रविवारी साय घातलेली कोंबडी. ती ब्रेसची असली तर पाटीवर लिहिलेलं असतं आणि किंमत वाढलेली असते, आणि ते योग्यच आहे. लाल तुरा, पांढरी पिसं, निळे पाय, फ्रान्सच्या झेंड्याचे तिन्ही रंग अंगावर घेऊन फिरणारा हा पक्षी. १९५७ पासून कायद्याने ठरलेलं आहे की कुठल्या गावची, कुठल्या जातीची, काय खाल्लेली कोंबडी ब्रेसची म्हणायची. प्रत्येकीला किमान दहा चौरस मीटर गवत. शेवटचा काळ अंधाऱ्या जागी लाकडी पिंजऱ्यात, मका आणि दूध खाऊन. हा शेवटचा भाग जाहिरातीत येत नाही.

मादामनी मला एकदा आत बोलावून ती करून दाखवली. तुकडे लोण्यात सोनेरी होईपर्यंत, फार तांबूस नाही. कांदा, मशरूम, थोडी पांढरी वाइन, ती आटू द्यायची. मग साय. दाट, किंचित आंबट, चमच्यावर उभी राहणारी. मी मनात मोजत होते, एक पळी, दुसरी, तिसरी, पुढे मोजणं सोडून दिलं. मसाला म्हणजे मीठ, मिरपूड आणि एका रानवनस्पतीच्या पानांची जुडी, तीही शेवटी काढून टाकतात. माझ्या जिभेला आधी वाटलं, हे काय, फोडणीच नाही. मग रस्सा खाली उतरत गेला, साय आणि कोंबडीचा अर्क एक झाले, आणि त्यात काही घालायला जागाच उरली नाही. सोबत ती बटाट्याची धिरडी. शेवटी ताजं चीझ, त्यावरही साय. सायीवर साय.

पण दोंबची खरी ख्याती बेडकांची. तळ्यांच्या मुलखात बेडूक खाणार यात नवल नाही. मागचे पाय पिठात घोळवून लोण्यात तळतात, वरून लसूण आणि पार्स्ली. टेबलाला बशीभर बेडूक, हाताने खायचे, बोटं चोखायची. पर्यटक येतात ते याच्यासाठी, भोवती तळी बघत, गावरान चवीच्या आनंदात. मी मादामना विचारलं, बेडूक समोरच्या तळ्यातले का? त्या हसल्या. इंडोनेशियाचे, गोठवलेले. फ्रान्समध्ये रानातले बेडूक पकडून विकायला १९८० पासून बंदी आहे. थोडी पैदास होते, ती महाग.

आणि इंडोनेशियाच्या आधी? आधी भारत. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात युरोप-अमेरिकेच्या बशीतल्या बेडकांचा मोठा पुरवठादार भारत होता. शेतांतले बेडूक संपत चालले, किडे वाढले, कीटकनाशकांचा खर्च वाढला, तेव्हा १९८७ मध्ये आपण निर्यात बंद केली. म्हणजे माझ्या शाळेच्या वयात या ओबेर्जच्या टेबलांवर, सासूबाई रांधत असताना, ‘दोंबची खासियत’ म्हणून जे वाढलं जात होतं, ते आपल्याकडच्या भातखाचरांतलं असण्याची पुष्कळ शक्यता होती. आपल्याकडे गोव्यात पावसाळ्यात बेडूक खाणारे चोरून खातात, पकडले गेले तर शिक्षा आहे. मी हे सगळं मादामना सांगितलं. त्यांनी सासूला ओरडून विचारलं. खिडकीतून उत्तर आलं, “बेडूक खोक्यातून यायचे. खोक्यावर काय लिहिलंय ते कोण वाचत होतं?”

मला हे उत्तर ‘आजीच्या पद्धतीचा’ या सगळ्या पाट्यांपेक्षा जास्त घरचं वाटलं. कष्ट करणाऱ्या बाईला जेवण वेळेवर टेबलावर पोहोचवायचं असतं. माती, परंपरा, मूळ गाव या गोष्टी खाणारा बघतो. २०१४ पासून फ्रान्समध्ये ‘घरी बनवलेलं’ अशी खूण मेन्यूवर लावायचा कायदा आहे, भांड्यावर घराचं छप्पर असं चित्र. कच्चा माल आणून तिथेच शिजवलेलं असलं की ती लावता येते, माल गोठवलेला असला तरी चालतं. म्हणजे त्या बेडकांवरही ती खूण बसते. आणि बसायला हरकत नाही, लोणी-लसूण मादामच्या हातचाच आहे.

जाकोत ब्राझिएबद्दल एक राहिलं. दुकान विकल्यानंतर तिने आजीच्या नावाने एक संस्था काढली. स्वयंपाकाचा धंदा शिकणाऱ्या तरुण मुलींना ती मदत करते. मुली का, तर ज्या शहराची कीर्ती बायकांनी उभी केली तिथली मोठी स्वयंपाकघरं आज बहुतेक पुरुषांच्या ताब्यात आहेत. शेजारच्या व्हालांसमध्ये आन-सोफी पिक या शेफने वडिलांच्या मागे गेलेला तिसरा तारा २००७ मध्ये परत आणला, तेव्हा तीन तारे मिळवणारी फ्रान्समधली ती चौथी बाई ठरली. चौथी! त्या घराण्याची सुरुवातही पणजीच्या डोंगरावरच्या ओबेर्जपासूनच होते. नातीने आजीची कोंबडी चालू ठेवण्याऐवजी दुसऱ्यांच्या मुलींची फी भरावी, हा मला वारशाचा सगळ्यात शहाणा उपयोग वाटतो. आमच्या घरात आजीचा तांब्याचा हंडा आहे, तो आम्ही घासून-पुसून शोकेसमध्ये ठेवला आहे.

मादामना मी आजीबद्दल सांगितलं ते अगदी अलीकडे, दुपारची गर्दी ओसरल्यावर, त्या कॉफी घेऊन माझ्यासमोर बसल्या तेव्हा. मला वाटलं होतं, त्या हळव्या होतील, निदान ‘किती छान’ म्हणतील. फ्रेंच माणसाला आजी म्हटलं की तसं होतं. त्यांनी आधी विचारलं, किती पानं. म्हटलं, चाळीस-पन्नास, पाळ्या धरून. चूल? एक कोळशाची शेगडी, दोन स्टोव्ह. एकटी? दोन मुली, एक माझी आई. “मेन्यू रोज बदलायचा?” नाही, वार ठरलेले. त्यांनी मान डोलावली, हे त्यांना पटलं. नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, ऐकलंस का, एका खोलीत पन्नास माणसं, आणि तू म्हणतोस आपल्याला जागा पुरत नाही. मग कप बाजूला सारून पुढे वाकल्या.

“आणि उधारी?”

मी सांगितलं, वही होती. संपात बुडाली.

“सगळी?”

बरीचशी. काहींनी गावाहून वर्षांनंतर पाठवली, तांदळात, काजूत.

“तांदूळ कुठल्या भावाने धरले?” मादामनी विचारलं.